हात खिशात

गल्लीत त्याला सुरुंग म्हणत. हे नाव ठेवलं समोरच्या किल्लीवाल्यानं, आणि ते इतकं फिट्ट बसलं की पुढे पोस्टमनसुद्धा "सुरुंगाचं दुकान कुठलं हो?" असं विचारायला लागला. वात आखूड आणि आवाज मोठा. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला तरी पारा चढायचा, आणि दुकानासमोर कुणी गाडी लावली तर तिच्या मालकाच्या सात पिढ्यांची उजळणी व्हायची. एकदा वजनावरून भंगारवाल्याची गचांडी धरून त्यानं त्याला भिंतीवर आपटलं होतं, आणि पाच मिनिटांनी त्यालाच चहा पाजला होता. अशा माणसाचा धंदा काय असावा? काचेचा.

पण काचेवर तो कधी चिडला नाही, हेही सांगायला हवं. टेबलावरच्या जाड कापडावर काच आडवी टाकली की त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. पट्टी लावायची, कटर रॉकेलात बुडवायचा, एका दमात रेघ ओढायची आणि खालून हलकीशी टिचकी मारायची. काच त्या रेघेवर सरळ उघडते. त्याच रेघेवरून कटर दुसऱ्यांदा फिरवला तर ती रुसते आणि वाटेल तिथून जाते. "काचेला एकदाच सांगायचं," असं तो म्हणायचा. त्यावर मागच्या खोलीत चौकटी ठोकणारी त्याची बायको म्हणायची, "आणि आम्हाला मात्र दहादा, तेही ओरडून."

त्याला हे काम ज्या वस्तादानं शिकवलं, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. पहिल्याच दिवशी वस्तादानं ती बोटं त्याच्या नाकापुढे धरली आणि सांगितलं, "हातातून सुटलेली काच आपली नाही. तिला झेलायला जायचं नाही. मोठ्यानं 'सोड' म्हणायचं आणि मागे उडी मारायची. म्हणजे आपणही वाचतो आणि शेजारचाही." तीस वर्षांत हा शब्द सुरुंगाच्या इतका अंगात मुरला की तो त्याच्या तोंडून त्याला न विचारताच निघायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायको घसरणाऱ्या आरशाला धरायला धावली, तेव्हा तो असा गरजला की ती जागीच थिजली. आरशाचे शंभर तुकडे झाले. ती दिवसभर रडली, पण हात शाबूत राहिले. तेव्हापासून मागच्या खोलीत बसून ती आवाजावरून सगळं ओळखायची. आधी "सोड", मग खळ्ळकन. दोन्ही ऐकू आले की ती हातातलं काम न थांबवता विचारायची, "केवढ्याला पडली?"

एकदा बँकेत साहेबाच्या टेबलावरून काचेचा पेपरवेट घरंगळला. हा बाकावरून ओरडला, "सोड!" सगळी बँक खाली वाकली. दोन बायका टेबलाखाली गेल्या आणि रखवालदार दरवाजामागे. साहेबानं घाम पुसत त्याला आत बोलावलं आणि कशासाठी आलात म्हणून विचारलं. हा आला होता कर्ज मागायला. ते कर्ज मिळालं, हीच खरी पंचाईत झाली.

एका ठेकेदारानं त्याला मोठ्या इमारतीचं काम देतो म्हणून सांगितलं होतं. चार मजले, सगळ्या खिडक्या. त्यासाठी काचेच्या कडा घासायचं मशीन हवं होतं. मशीन फायनान्स कंपनीकडून, माल घाऊक व्यापाऱ्याकडून उधार, मजुरी बँकेच्या कर्जातून, आणि घरखर्च क्रेडिट कार्डावर. काम झालं. ठेकेदारानं तोंडाला पानं पुसली आणि एका सकाळी ऑफिसला कुलूप लावून तो दिसेनासा झाला. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, दुसऱ्यासाठी कार्ड. दीड वर्षात चार ठिकाणचं देणं अंगावर आलं आणि फोन सकाळी सातला वाजायला लागला.

फोनवरची माणसं सुरुवातीला 'सर' म्हणायची. तिसऱ्या महिन्यात 'अहो' झालं, पाचव्यात 'अरे'. मग फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्या एजन्सीकडून एक माणूस प्रत्यक्षच आला. बारा महिने अंगात बिनबाह्यांचं जाकीट घालायचा, म्हणून किल्लीवाल्यानं त्याचंही बारसं करून टाकलं. जाकीट भर दुपारी दुकानात उभं राहून गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं बोललं, "पैसे नसतील तर बायकोला कुठेतरी कामाला लाव. अजून चालेल."

सुरुंगाची तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं जाकिटाचं डोकं धरलं आणि मशीनच्या लोखंडी कडेवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. मग रस्त्यावर ओढत नेऊन लाथा घातल्या. किल्लीवाला आणि आणखी दोघांनी मिळून त्याला मागे खेचलं तेव्हा त्याच्या बुटाला रक्त लागलं होतं आणि जाकिटाचे समोरचे दोन दात गटारात पडले होते. खरं सांगायचं तर गल्लीतल्या पुष्कळांना तेव्हा बरं वाटलं. पण बरं वाटून कर्ज फिटत नाही. पोलिसात तक्रार झाली, दोन रात्री कोठडीत गेल्या, आणि दातांचा खर्च देण्याच्या यादीत पाचवा म्हणून येऊन बसला.

तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याला धरूनच नेलं. कर्जात बुडालेल्यांना सल्ला देणारं एक केंद्र होतं, जिना चढून दुसऱ्या मजल्यावर, दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. तिथल्या मॅडम वयानं त्याच्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण नजर हेडमास्तरीणबाईंची. त्यांनी सगळे कागद पिशवीतून टेबलावर ओतायला लावले. तासभर वाचले.

"लबाडी नाही यात," त्या म्हणाल्या. "मूर्खपणा आहे. मूर्खपणावर उपाय असतो."

उपाय असा होता. मॅडम चारही ठिकाणी पत्रं लिहिणार, व्याज कमी करून मागणार, आणि सगळ्यांचा मिळून एकच हप्ता बांधणार. दर पाच तारखेला, छत्तीस महिने. मधे एकही चुकवायचा नाही, आणि नवं कर्ज एका पैशाचं घ्यायचं नाही. चौघांपैकी एक जरी बाहेर पडला तरी बाकीचे थांबणार नाहीत आणि दुकान लिलावात जाईल. दुकानामागेच घर होतं, म्हणजे घरही गेलंच.

तिघांनी होकार दिला. फायनान्स कंपनीनं दिला, पण अट घालून. या इसमानं पुन्हा आमच्या कुठल्याही माणसाला हात लावला तर करार मोडला, मशीन उचलणार, आणि मारहाणीची तक्रार मागे घेणार नाही. शिवाय मशीन गहाण असल्यामुळे ते जागेवर आहे की नाही हे बघायला महिन्यातून एकदा त्यांचा माणूस येणार.

"येऊ दे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याला एक निळ्या पुठ्ठ्याची वही दिली. "कोण आलं, किती वाजता, काय बोललं, सगळं यात लिहायचं. उलटं बोलायचं नाही. आणि तो माणूस दुकानात असेपर्यंत तुमचे हात खिशात. कळलं? बाहेर काढायचेच नाहीत."

"त्यानं मारलं तर?"

"तरीही खिशात."

सुरुंगाच्या चामड्याच्या एप्रनला पुढे दोन खोल खिसे होते. बायकोनं त्यांना आतून दुहेरी शिवण घातली. म्हणाली, "फाटले तर निमित्त मिळायचं तुम्हाला."

पहिल्या तपासणीला जो माणूस आला त्याला बघून किल्लीवाल्याच्या हातातली कानस खाली पडली. जाकीटच होतं. तोंडात दोन नवे दात, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढरे. एजन्सीला इतक्या माणसांमधून नेमका हाच सापडला होता, आणि त्यातला हिशेब कळायला फार डोकं लागत नव्हतं. योजना चालू राहिली तर एजन्सीला काही मिळायचं नाही. योजना मोडून मशीन उचललं तर दलाली मिळायची. आणि ती मोडायला सुरुंगाचा एक ठोसा पुरे होता. जाकीट तो ठोसा मागायलाच यायचं.

काय काय केलं नाही त्यानं! तयार आरशावर थुंकला. गिऱ्हाइकाला म्हणाला, "यांच्याकडे आगाऊ पैसे देऊ नका, उद्या दुकान असेल-नसेल." सुरुंगाची मुलगी एका दवाखान्यात कामाला होती, तिथे जाऊन रांगेतल्या पेशंटसमोर तिला बापाच्या देण्याबद्दल विचारलं. ती घरी आली ती ताप घेऊन. एकदा त्यानं सुरुंगाच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून पिळली, शाळेत पिळतात तशी. आणि सोळाव्या महिन्यात सरळ थोबाडीत दिली. चार माणसांसमोर, सणसणीत. सुरुंगाचं डोकं एका बाजूला वळलं, पुन्हा सरळ झालं. हात खिशात होते.

त्या दिवशी वहीत लिहिलं आहे: "एक थप्पड. डावा गाल. हात खिशात." मॅडमनी ते पान जोडून कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की चौकशी सुरू आहे. ती अजून सुरू असेल.

राग कुठे गेला असं समजू नका. राग कुठे जात नाही. दुकानाच्या मागच्या अंगणात काचेच्या तुकड्यांचा पत्र्याचा ड्रम होता. जाकीट गेलं की सुरुंग हातोडा घेऊन तिथे जायचा आणि तुकड्यांचे तुकडे करायचा. घाव घालताना दात आवळून तो एकेक जागा सांगायचा. गुडघा. कोपर. दात. जबडा. डोळा. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. बायको आतून ऐकायची. डोळ्यावर घाव पडला की ती ठोकणं थांबवायची. भंगारवाला मात्र खूष होता, कारण बारीक झाल्यामुळे ड्रममध्ये माल जास्त बसायला लागला. "घरात कुणी उद्योगी आलंय वाटतं," तो म्हणाला. बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं वजनात दोन किलो वाढवून दिले.

गल्लीत सुरुंगाचं कौतुक व्हायला लागलं. माणूस सुधारला, डोक्यावर बर्फ ठेवला, असं लोक म्हणायचे. बायकोला तसं वाटत नव्हतं. पूर्वी तो भडकायचा आणि विसरायचा. आता भडकत नव्हता आणि काही विसरतही नव्हता. जेवताना तो एकटक भिंतीकडे बघत बसायचा आणि मधेच त्याच्या ओठांची एक बाजू हलायची.

सत्तावीस हप्ते गेले. अठ्ठाविसाव्या महिन्यातली तपासणी दुपारी बारा वाजता आली.

जाकीट त्या दिवशी चिडलेलं होतं. सव्वादोन वर्षं येऊन हातात काही पडलं नव्हतं, आणि एजन्सीत त्याला बोलणी बसली असणार. मशीनकडे त्यानं बघितलंही नाही. टेबलावरचं रॉकेल उपडं केलं, पट्टी फेकून दिली. सुरुंगाच्या छातीत दोन्ही तळव्यांनी धक्का दिला, मग आणखी एक. "मार ना. कुठे गेली मर्दुमकी? बायकोच्या पदराखाली?" सुरुंग भिंतीला टेकला. हात खिशात. रस्त्याच्या पलीकडे किल्लीवाला उभा राहून सगळं बघत होता.

मग जाकीट मोठ्या काचांकडे वळलं. भिंतीलगत लाकडी घोडी होती. तिच्यावर पुरुषभर उंचीच्या सहा जाड काचा भिंतीकडे कलत्या उभ्या होत्या. एकेकीचं वजन एका माणसाएवढं. त्या पुढे येऊ नयेत म्हणून पोटाशी कापडी पट्टा बांधलेला होता. जाकिटानं तो पट्टा काढून खाली टाकला.

"या कुणाच्या? यांचीही यादी करू का?" असं म्हणत त्यानं सगळ्यात पुढची काच वरच्या कडेला धरून आपल्याकडे ओढली, कपाटातली फाइल ओढावी तशी.

काच मागे कललेली असते तोवर ती भिंतीची असते. सरळ उभी झाली की कुणाचीच नसते. आणि तिथून एक बोटभर पुढे आली की तिला जगातला कुठलाही माणूस परत फिरवू शकत नाही. जाकिटाला हे माहीत नव्हतं. सुरुंगाला तीस वर्षं माहीत होतं. त्यानं काचेची खालची कड लाकडावर सरकताना पाहिली. जाकीट दोन्ही हात वर करून तिला पेलायला जातंय हेही पाहिलं. आणि शब्द आला. छातीतून वर, घशातून जिभेवर, न विचारता, नेहमीसारखा. त्या ओरडण्यानं सगळी बँक खाली वाकली होती. जाकीटही मागे उडालं असतं.

सुरुंगाला समोर ते दोन जास्त पांढरे दात दिसले. त्यानं तोंड मिटलं.

तो घाबरला नव्हता, गोंधळला नव्हता. पुढे लोकांनी तसं म्हटलं, पण ते खरं नाही. त्यानं शब्द गिळला, आणि गिळताना त्याला तो घशाखाली उतरलेला कळला.

जाकिटाच्या तळव्यांवर काच क्षणभर टेकली, मग वाकली आणि मधोमध फुटली. वरचा अर्धा भाग त्याच्या हातांवरून घसरत खाली आला. कोपरापासून मनगटापर्यंत जाकिटाचे दोन्ही हात उघडले. आधी आतलं पांढरं दिसलं, मग रक्त आलं, आणि ते आलं ते भिंतीवर, मशीनवर, सुरुंगाच्या एप्रनवर. जाकीट ओरडलं नाही. तो आपल्या हातांकडे नवलानं बघत खाली बसला, काचांवरच बसला, आणि म्हणाला, "अहो, हे थांबत नाहीये." सव्वादोन वर्षांत तो पहिल्यांदा 'अहो' म्हणाला.

तेव्हा सुरुंगानं हात खिशातून काढले. पडलेला पट्टा उचलून एका दंडाला आवळला. मागच्या खोलीतून बायको धावत आली, तिनं दुसऱ्या हाताला पुसायचं कापड गुंडाळून वर आपला गुडघा दाबून धरला. किल्लीवाल्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत दोघं नवरा-बायको त्या माणसाचे दोन हात धरून रक्तात बसले होते. बायकोनं एकदाच मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली.

जाकीट वाचलं. बोटं मात्र वाचली नाहीत, म्हणजे आहेत जागेवर, पण मिटत नाहीत. शर्टाची बटणं आता त्याची बायको लावते असं ऐकलं.

पोलीस आले. त्यांनी निळी वही वाचली, थपडेचं पानही वाचलं. किल्लीवाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी डोळ्यांनी बघितलंय साहेब. याचे हात शेवटपर्यंत खिशात होते. त्यानंच पट्टा काढला, त्यानंच ओढली." त्यातला शब्द न् शब्द खरा होता. पोलीस अधिकारी जाताना सुरुंगाच्या खांद्यावर थोपटून गेले. एजन्सीला मान खाली घालावी लागली, कंपनीनं तक्रार मागे घेतली, तपासणी बंद केली. करावं तसं भरावं, गल्ली म्हणाली. सुंठीवाचून खोकला गेला, असंही म्हणाली. ड्रमवरचे घाव त्या दिवसापासून थांबले. त्यानंतर हातोडा खुंटीवरून खाली आलाच नाही.

नऊ हप्ते राहिले होते, तेही वेळेवर गेले. छत्तिसावा भरला त्या दिवशी मॅडमनी त्याला कागद दिला. चारही ठिकाणचं देणं फिटल्याचा, सही-शिक्क्याचा. "माझ्याकडे इतकी माणसं येतात," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याइतका संयम मी पाहिला नाही. नव्या लोकांना मी तुमचंच उदाहरण देते." सुरुंगानं कागद पिशवीत टाकला. जिना उतरताना त्यानं कठडा धरला.

घरी येऊन त्यानं कागद बायकोपुढे ठेवला. "चौकट कर याला. दुकानात लावू."

ती मागच्या खोलीत पट्ट्या कापत बसली होती. तिनं हात पुसले, कागद नीट वाचला, मोजमाप घेतलं. मग पट्टी खाली ठेवली.

"त्या दिवशी मी इथंच बसले होते," ती म्हणाली. "काच फुटल्याचा आवाज आला. त्याच्या आधी काही आलं नाही."

सुरुंग उभाच राहिला.

"ठसका लागला असेल," तो म्हणाला.

"नऊ महिने मी तेच म्हणतेय स्वतःला. ठसका लागला असेल." तिचा आवाज चढला नाही. "मी त्याच्या हातावर गुडघा देऊन बसले होते हो. तो माझ्याकडे बघून विचारत होता, माझी बोटं का हलत नाहीत. तुम्ही मला वाचवलंत तेव्हा मी तरी तुमची कोण होते? लग्नाला चार महिने झाले होते. नीट ओळखही नव्हती."

त्याला बोलायचं होतं. त्या थपडेबद्दल, मुलीच्या तापाबद्दल, कानाच्या पाळीबद्दल. सगळं खरं होतं आणि सगळं वहीत होतं. तो खुर्चीत बसला आणि त्यानं आपले हात बघितले. ते आपोआप एप्रनच्या खिशात गेले होते. त्यानं ते बाहेर काढून गुडघ्यांवर ठेवले. मग एकाएकी तो रडायला लागला, मोठ्यानं, जसा तो भांडायचा तसाच. तीन वर्षांत त्याचा तो आवाज घरात पहिल्यांदा आला.

बायको उठली. तिनं फळीवरून निळी वही काढली आणि त्या तारखेचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. "दुपारी बारा दहा. जाकीट. पट्टा त्यानं काढला. मोठी काच त्यानं ओढली. पडली. हात खिशात."

"खाली दोन ओळी मोकळ्या आहेत," ती म्हणाली, आणि पेन त्याच्या हातात देऊन पुन्हा पट्ट्या कापायला बसली.